चिंधीताईची पोपटी

२८ डिसेंबर, शनिवार

यंदा डायरी स्टेशनजवळच्या दुकानातून विकत आणावी लागली. इतकी वर्षं कंपनी द्यायची. कंपनी मी सोडली. (स्वेच्छानिवृत्ती. 'स्वेच्छा' या शब्दाकडे लक्ष द्यावे.) खोपोलीच्या त्या टाइम ऑफिसात नोटीस बोर्डावरचं सगळं मराठी माझं असायचं. साहेब म्हणायचे, साईनाथ, तुमची नोटीस वाचली की रजा मागायची इच्छाच मरते. असं मराठी आता कोण लिहितं!

हर्षला सुट्टीला आली आहे. मुलगी ऐरोलीला मार्केटिंगमध्ये आहे, तिचं ऐकावं लागतं. जेवताना म्हणाली, बाबा, मामाच्या पोपटीला एक ब्रँड व्हॉइस पाहिजे.

व्यवसायाचे स्वरूप, नोंदीसाठी: संजना (पत्नी) आणि तिचा धाकटा भाऊ धाकलू हे दोघे मिळून थंडीत, शनिवार-रविवारी, मुंबई-पुण्याच्या लोकांना लोधिवलीच्या शेतावर पोपटी खाऊ घालतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, हवी तर कोंबडी. मडकं उपडं करायचं, भोवती पेंढा पेटवायचा. एवढंच. निवृत्तीपासून व्यवस्थापन मी पाहतो. मला कोणी सांगितलेलं नाही, पण व्यवस्थापन लागतंच.

घोळ असा आहे की मेसेजला उत्तर कधी धाकलू देतो, कधी मी. एका बाईंनी विचारलं, रविवारी जागा आहे का? धाकलूने कळवलं, या. त्याखाली मी कळवलं, महोदया, आपली पृच्छा प्राप्त झाली असून ती विचाराधीन आहे. बाईंना वाटलं धंदे दोन आहेत आणि त्यातला एक सरकारी आहे.

२९ डिसेंबर

सकाळभर मोबाईलवर वाचन. धंदा माणूस असता तर कसा बोलला असता, तो ब्रँड व्हॉइस. सोपं आहे. पोपटी माणूस असती तर गावरान बाई असती. मायाळू, थोडी फटकळ, हाय-नाय बोलणारी. आणि सगळीकडे तीच एक: फोनवर, बॅनरवर, रीलमध्ये, शेतावर.

अशी बाई घरातच आहे. संजना जन्माने लोधिवलीची.

अडचण एकच. संजनाचं मराठी आता उत्तम आहे. श्रेय माझं. लग्न होऊन आली तेव्हा 'पानी' काय, 'नाय' काय. क्वार्टर्समध्ये शेजारी साहेबांच्या बायका. चारचौघांत बायकोला टोकणं बरं दिसत नाही, म्हणून मी एक सभ्य पद्धत काढली. ती चुकली की हलकेच घसा खाकरायचा. थोड्याच दिवसांत 'पाणी' आलं, 'नाही' आलं. पुढे तर शेजारणी विचारायच्या, तुमचं माहेर पुण्याचं का हो?

आता फक्त गाडी रिव्हर्स घ्यायची. आठवडा पुरे.

१ जानेवारी

संकल्प. पहाटे चालायला जाणे (उद्यापासून, आज कंबर). ब्रँड व्हॉइसची नियमावली करणे. न चिडणे.

आणखी एक, ते फक्त इथे लिहितो. कंपनी सुटल्यापासून दिवसभर घरात आम्ही दोघंच. संजना विचारते, चहा ठेवू का? मी म्हणतो, ठेव. मग विचारते, भाजी कुठली करू? मी म्हणतो, कर कुठलीही. मग संध्याकाळ होते. पूर्वी वाटायचं, मी दमून येतो म्हणून बोलणं होत नाही. आता दमत नाही तरी होत नाही. तिचा स्वभावच अबोल, त्याला कोण काय करणार? पण धंदा एकत्र केला की बोलायला विषय होईल. खरं सांगायचं तर पोपटी हे निमित्त आहे. मला बायकोशी गप्पा मारायच्या आहेत. पन्नाशी उलटल्यावर हे लिहायची लाज वाटते, म्हणून डायरी कपाटावर ठेवणार.

३ जानेवारी

पहिलं शूटिंग. धाकलूचं शेत, मागे मडक्यांची रांग. हर्षलाने मोबाईल धरला. स्क्रिप्ट माझं: आवं पावनं, लई दिसांनी वाट वाकडी केलीसा! या, बसा, आमच्या रानातली फक्कड पोपटी खावा, नादच खुळा!

संजनाने ते सातच्या बातम्यांसारखं वाचलं. प्रत्येक शब्द धुतलेला. म्हटलं, अगं गावाकडचं बोल, माहेरचं बोल. ती म्हणाली, असं आमच्याकडे कुणी बोलत नाही.

धाकलू पेंढ्यावर बसून हसत होता. म्हणाला, भावजी, ह्ये तं घाटावरचं हाय. बोरघाट उतरताना कुनाच्या टेंपोतून पडलं काय?

धाकलूचा सिरियलचा अभ्यास नाही. लोकांना गावरान म्हणजे हेच माहीत असतं. तरीही मोठ्या मनाने म्हटलं, बरं, तुझं तू बोल. संजनाने एक शेंग उचलली, सोलली, म्हणाली, यंदा वाल बारीक हाय, पन गोड... तेवढ्यात माझ्या घशात काहीतरी आलं. ती थांबली. पुन्हा घेतलं. या वेळी म्हणाली, यंदा वालाचा दाणा लहान आहे, परंतु चव उत्तम आहे.

पेंढ्याची धूळ फार.

५ जानेवारी

नाव ठरलं: चिंधीताईची पोपटी. संजनाचं माहेरचं नाव चिंधी. तिच्या आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून नजर लागू नये असं नाव. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने मी 'संजना' लिहिलं. तेव्हा फार मॉडर्न नाव होतं, पाहुण्यांत चर्चा झाली. पण 'संजनाची पोपटी' म्हटलं की ब्युटी पार्लर वाटतं. चिंधी अस्सल.

बॅनर छापूनच आणला. सरप्राइज. संजनासमोर उलगडला. मी विचारलं, कसा आहे? म्हणाली, छान आहे, हिरवा रंग चांगला आलाय. मी म्हटलं, तुला विचारायचं राहून गेलं बघ. ती म्हणाली, तेव्हाही राहून गेलं होतं.

तेव्हा म्हणजे कधी, ते कळलं नाही. बॅनरची एक बाजू जरा तिरकी कापली आहे. दुकानदाराला सांगायला हवं.

८ जानेवारी

नियमावली फ्रिजवर लावली. 'नाही'ला नाय, 'आहे'ला हाय, 'आम्ही'ला आमी. प्रत्येक फोनमध्ये गं किंवा रं किमान तीनदा. संजनाने पदराला हात पुसत वाचली. विचारलं, घरातसुद्धा का? म्हटलं, सराव घरातच होतो.

दुपारी ताटावर म्हणाली, आमटीत मीठ नाय. मी खाकरलो. लगेच म्हणाली, नाही, मीठ नाही.

ऐन सरावात खोकला. औषध आणायला हवं.

१० जानेवारी

डॉक्टरकडे गेलो. छाती स्वच्छ, घसा स्वच्छ. त्यांनी विचारलं, हा त्रास साधारण कधी होतो? आठवून सांगितलं, बायको बोलत असताना. डॉक्टर हसले. नवशिके वाटले. स्वतःच्या जबाबदारीवर सितोपलादि सुरू केलं, मधातून.

११ जानेवारी, शनिवार

नव्या नावाने पहिली बॅच. दादरची दोन कुटुंबं. मडकी फक्कड लागली. धाकलूने पाण्याचा शिपका मारला, चर्र झालं आणि पाणी उडून गेलं, म्हणजे झाली. पाल्याचा वास सुटला आणि मुंबईची माणसं मडक्याभोवती जी गोळा झाली ती हलेनात.

संजनाने स्वागत केलं: नमस्कार, आपण कृपया हात धुऊन घ्यावेत. मी मागून हळूच सुचवलं, आवं, आवं. ती म्हणाली, आवं, आपण कृपया हात धुऊन घ्यावेत. एका बाईंनी तिला विचारलं, तुम्ही शाळेत शिकवता का?

मी दिवसभर तिच्या मागे एका हाताच्या अंतरावर उभा होतो. पाठिंबा म्हणून.

संध्याकाळी रिव्ह्यू आला: पोपटी अप्रतिम. ताई घाबरलेल्या वाटल्या. काकांनी खोकला दाखवून घ्यावा. चार स्टार.

चार हे पाचाच्या फार जवळ आहे.

१४ जानेवारी, संक्रांत

आज लॉटरी लागली!

दुपारी डुलकी काढून उठलो तर मागच्या ओट्यावर कोणीतरी बाई मोठमोठ्याने बोलत होती. वाटलं शेजारी पाहुणी आली. डोकावलो तर संजना. बहिणीशी स्पीकरवर फोन चालला होता. गं बाय काय, हाय-नाय काय, मध्येच पोट धरून हसणं काय! असं हसताना मी तिला कधी पाहिलं ते आठवायचा प्रयत्न केला. आठवेना. तिथेच जरा उभा राहिलो. बरंही वाटलं आणि वाईटही.

मग भानावर आलो. हाच तो व्हॉइस! दाराआडून रेकॉर्ड केलं. तोंडात रुमाल कोंबला, घशासाठी.

नंतर पेन घेऊन ऐकलं. हाय भरपूर. नाय त्याहून जास्त. गं तर मोजायची सोय नाही. नियमावलीचा इतका काटेकोर अमल कंपनीतही पाहिला नाही. जिथे ती सर्वांत मोकळी आहे तो तुकडा मडक्यांच्या व्हिडिओवर चढवला आणि टाकला. कर्जत-खालापूरच्या सगळ्या ग्रुपवरही टाकला. हर्षलाला आधी दाखवलं नाही. ती फार बदल सुचवते.

१५ जानेवारी

रील तुफान! लोक हसरे चेहरे टाकतायत, एकमेकांना पाठवतायत. इथे आमच्या भिसेगावात मला आता लोक ओळखतात. दूधवाला बघून हसला. नाक्यावरची पोरं हसली. पेपरवाल्याला खोकला झालाय, मला बघून तीनदा खाकरला. हवाच खराब आहे.

संजनाला अजून सांगितलं नाही. बुकिंगचा आकडा फुगला की एकदम सांगणार.

१६ जानेवारी

हर्षलाचा फोन. आवाज चढलेला. बाबा, तुम्ही ते ऐकलंत तरी का? म्हटलं, चार वेळा. म्हणाली, कशी बोलतेय ते नाही, काय बोलतेय ते. फोन चालू ठेवून मला पुन्हा ऐकायला लावलं.

संजना बहिणीला सांगत होती: मी घरात बोलतच नाय गं. बोलली की ह्ये खाकरतात. पयल्यापासून. मंग तोंड मिटूनच बसते. आता म्हनं बोल, गावचं बोल. काय बोलू गं बाय? तोंड उघडलं की आधी ती खाकर आयकू येते, ह्ये घरात नसले तरी.

आणि मग तिने माझं खाकरणं करून दाखवलं. दोनदा. दोघी बहिणी खूप हसल्या. हुबेहूब होतं, हे मान्य करायला हवं.

हर्षला म्हणाली, आईचं हे खासगी बोलणं तुम्ही अख्ख्या तालुक्याला ऐकवलंत. म्हटलं, दोन तालुके. तिने फोन ठेवला.

खाकरण्याचा उल्लेख काळजीपोटी असावा. बहिणीशी माणूस नवऱ्याच्या तब्येतीबद्दलच बोलणार.

सायंकाळी. रील काढून टाकलं. संजनाला आधीच कळलं होतं, धाकलूच्या बायकोने फोन केला होता. मी म्हटलं, काढलंय. ती म्हणाली, ठीक आहे. पुढच्या वेळी रेकॉर्ड करणार असाल तर मला सांगत जा. एवढंच. तिने भांडी आदळली असती तर सोपं गेलं असतं. दाराआड मी नक्की काय केलं, ते आता जेवताना घशाशी येत होतं. भाकरी अर्धी टाकली.

१८ जानेवारी, शनिवार

बुकिंग फुल्ल. रील गेलं तरी लोक विचारतात, चिंधीताई असणार ना? सकाळी निघायला शर्ट घातला तर धाकलू फोनवर म्हणाला, भावजी, आज तुमी घरीच ऱ्हावा. हर्षलानेही तेच कळवलं, जास्त स्पष्ट शब्दांत. ठीक. कोणीतरी हेड ऑफिस सांभाळायला हवंच. हेड ऑफिसला दिवसभरात फोन आला नाही. नंबर आता धाकलूकडे आहे.

आजचा रिव्ह्यू: ताईंसाठी परत येऊ. पाच स्टार.

ब्रँड व्हॉइस लागू पडायला लागला आहे.

२२ जानेवारी

संजना सीझन संपेपर्यंत लोधिवलीलाच राहणार. रोजच्या येण्याजाण्यात वेळ जातो, पाला सकाळीच तोडावा लागतो, शेंगा निवडाव्या लागतात. पटण्यासारखं आहे. याला शाखा विस्तार म्हणता येईल.

जाताना डबे भरून ठेवले. कुठल्या डब्यात काय, कुकरची शिट्टी किती, सगळं सांगितलं. एकही चूक नाही भाषेत. फ्रिजवरची नियमावली काढून, घडी घालून माझ्या टेबलावर ठेवली. मी म्हटलं, फोन करत जा. म्हणाली, हो, करीन ना.

२७ जानेवारी

खोकला पूर्ण बरा. सितोपलादिचा गुण.

फोन रोज येतो. जेवलात का? जेवलो. गोळी घेतलीत का? घेतली. बरं, ठेवते.

घरात शांतता आधीही होती, पण तेव्हा त्या शांततेत कोणीतरी भाकरी थापत असायचं. घर खायला उठतं. चिडायचं नाही असा संकल्प होता, रडण्याबद्दल काही ठरवलेलं नव्हतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

लोधिवलीला गेलो. केवळ क्वालिटी चेक. कोणाला कळवलं नाही. बांधावर आंब्याच्या आड उभा राहिलो.

संजना पदर खोचून पाहुण्यांच्या घोळक्यात. एक चष्मेवाला शेंग सालासकट चावत होता. ती त्याला म्हणाली, आरं बाबा, सोलून खा! बकरी हायस काय? सगळे हसले. तो पण हसला. एक आजोबा लाजत होते तर त्यांच्या पानात अंडं टाकत म्हणाली, घ्या वो, इथं सून नाय बघाया. आजोबांनी अजून एक मागून घेतलं.

मला हसू आलं. मनापासून. वाटलं, ही बाई कोण आहे? हिची ओळख करून घ्यायला हवी. हिच्याशी बोलत बसावं. असं मला लग्नाआधी बघायला गेलो तेव्हाही वाटलं होतं, ते एकदम आठवलं.

आणि तेवढ्यात घसा. देवाशपथ, दाबायचा प्रयत्न केला.

तिने वळून पाहिलं नाही. फक्त पाठ ताठ झाली. पदर सोडला, नीट केला. समोरच्या बाईंना म्हणाली, आपल्याला आणखी काही हवं आहे का? बाई पण सावरून बसल्या.

मागच्या मागे निघालो. चौक गावापर्यंत चालत. पेंढ्याचा धूर डोळ्यांनाही वाईट.

१६ फेब्रुवारी

नवा विचार. नियमावली चुकीच्या माणसासाठी लिहिली गेली. मीच शिकायचं. संजना आली की तिच्याशी तिच्यासारखं बोलायचं, म्हणजे ती मोकळी होईल. यात अवघड काय आहे? लहानपणी आईशी मी असाच बोलायचो. शाळेत मास्तरांनी सोडवलं. नाय म्हटलं की हातावर छडी. मी संजनावर कधी हात उगारला नाही. फक्त खाकरलो.

आरशासमोर सराव सुरू. पानी. नाय. हाय. मना भूक लागली. आरशातला माणूस टाइम ऑफिसातला वाटतो, पण होईल.

२३ फेब्रुवारी

प्रगती चांगली. भाजीवालीला म्हणालो, मेथी कशी दिली गं? ती म्हणाली, साहेब, बरं नाही का?

२ मार्च

वाल संपले. पोपटी बंद, आता पुढच्या थंडीतच. संजना सकाळी परत आली. उन्हाने काळवंडली आहे. चांगली दिसते. हर्षलाचा मेसेज: पुढच्या सीझनची विचारणा आत्तापासूनच. ब्रँड व्हॉइस यशस्वी झाला असं म्हणायला हरकत नाही.

संध्याकाळी ओट्यावर चहा घेऊन बसलो. दोघंच. मोबाईल मुद्दाम आत ठेवला, तिला दाखवून. तोंडात लवंग धरली. आणि म्हणालो, सांग ना गं, काय काय झालं तिकडं? मना काय बी म्हाईत नाय.

ती दचकली. हसली नाही. मी म्हटलं, तिकडे बोलतेस तसं बोल माझ्याशी. धंद्यासाठी नको. मला ऐकायचंय.

तिने खरंच प्रयत्न केला. तोंड उघडलं. माझ्या गळ्याकडे पाहिलं. मिटलं. पुन्हा उघडलं. मी श्वाससुद्धा घेतला नव्हता.

मग म्हणाली, तुमच्यासमोर नाही हो येत मला. आत जाऊन कागद आणि पेन घेऊन आली. माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, मी काय बोलायला हवं आहे ते लिहून द्या, मी वाचून दाखवते.

चेष्टा नव्हती. मला मदत करत होती.

पेन घेतलं. ती मला काय सांगेल, याचं एक वाक्यसुद्धा सुचलं नाही.